मृगाच्या आधी मोंबासा

दादाची अट एकच होती: मृग लागायच्या आत घरी पोचायचं. पेरणी दुसऱ्याच्या भरोशावर सोडणारा माणूस तो नव्हे. राळेगाव तालुक्यात त्याची बारा एकर कोरडवाहू जमीन आहे. पऱ्हाटी, तिच्यात तुरीची तासं आणि वर आभाळ. दादा माझा मावसभाऊ. मी पांढरकवड्याला पस्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालो, तो अजून शेतात आहे. त्याचा मुलगा नैरोबीला नोकरी करतो आणि तीन वर्षं आमच्या मागे लागला होता. शेवटी मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होणारे बारा दिवस ठरले. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, तिचं कार्ड पासपोर्टात ठेवलं आणि मुलाने पाठवलेला कार्यक्रम दादाच्या ओसरीवर बसून वाचला. कागदावर तीन रकाने होते. जंगल, इतिहास, समुद्र.

पहिल्या रकान्याला दादाने मान डोलावली. जंगल त्याला माहीत आहे. दुसरा त्याने माझ्यावर सोडला. तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "आन् समुद्राचं आपल्याले काय काम?"

प्रश्न खोटा नव्हता. यवतमाळहून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटर. आमच्या बोलीत भरती-ओहोटी नाही, मासळीची नावं नाहीत. आमच्या घरी समुद्र येतो तो मिठाच्या पुडीतून. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. जाऊन तर पाहू, एवढंच म्हणालो.

नैरोबीहून मोंबासाला विमानाने तासाभरात जाता येतं. आम्ही आगगाडीने निघालो आणि वाटेत वोई स्टेशनला उतरलो, कारण तिथून त्सावोचं जंगल सुरू होतं. जीप घेऊन आलेला चालक हात हलवत म्हणाला, "सफारी न्जेमा." प्रवास सुखाचा होवो. आपण सफारी म्हटलं की उघडी जीप आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणतो. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. म्हातारी लेकीकडे निघाली तरी तीही सफारीच. शब्द अरबीतून आलेला, आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ. आणि 'स्वाहिली' हे भाषेचं नावही अरबीतल्या 'किनारा' या शब्दावरून पडलेलं. तिथे दुकानाला दुका म्हणतात, पैशाला पेसा, गाडीला गारी, हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, आंब्याला एंबे. दादाने दुसऱ्या दिवसापासून या आठ-दहा शब्दांवर त्या चालकाशी संसार थाटला. मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. समुद्रापासून दीडशे किलोमीटर आत, जंगलाच्या तोंडाशी उभे होतो, आणि कानावर पडत होती ती किनाऱ्याची भाषा.

त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ 13,747 चौरस किलोमीटर आहे. आकडा वाचला आणि मी थबकलो. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, ते 13,582. म्हणजे उमरखेडपासून राळेगावपर्यंत, पुसदपासून वणीपर्यंत सगळे सोळा तालुके घ्यावेत, त्यातली गावं, शेतं, जिनिंग, कोळशाच्या खाणी, बसस्थानकं सगळं उचलून बाजूला ठेवावं आणि उरलेल्या जागेत फक्त जनावरं असावीत, एवढं ते रान. आणि हे झालं नुसतं पूर्व त्सावो. रेल्वे आणि महामार्गाच्या पलीकडे पश्चिम त्सावो आहे, तो आणखी नऊ हजार.

आमचं टिपेश्वर अभयारण्य 148 चौरस किलोमीटरांचं. माझा त्याच्यावर जीव आहे. सुन्ना गेटमधून आत शिरलं की सागाच्या पाचोळ्याचा जो वास येतो तो मला जगात दुसरीकडे मिळाला नाही. पण 2019 मध्ये गळ्यात रेडिओपट्टा घातलेला तिथला एक तरुण वाघ बाहेर पडला आणि तेलंगण, नांदेड, हिंगोली असं भटकत, नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून जास्त चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. तेव्हा मला त्या बातमीचा अभिमान वाटला होता, शाळेच्या फलकावरही मी ती लिहिली होती. त्सावोत उभा राहून त्या अभिमानाची मला लाज वाटली. तो पोर घर शोधत हिंडत होता.

दादाला त्या रानात परकं वाटलं नाही. जीपमधून उतरायला मनाई होती, तरी बसल्या जागेवरून तो झाडं ओळखत होता. "हे त बाभूळच हाये. काटे पाय." खरंच, त्सावो म्हणजे मैलोन् मैल बाभळीची आणि गुग्गुळाची भावंडं. मधूनच एखादी गोरखचिंच, जिचं खोड दहा माणसांच्या कवेत मावणार नाही. आणि माती लाल. हत्ती त्या मातीत लोळतात, सोंडेने ती अंगावर उडवतात, आणि मग विटेच्या रंगाचे होतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असा एक कळप आम्ही रेल्वेच्या भरावाजवळ पाहिला. नव्या लोहमार्गाची वाट 2017 साली सुरू झाली. ती जंगलातून जाते तिथे उंच भराव घातलाय आणि जनावरांना ये-जा करायला खालून मोठे बोगदे ठेवलेत. पुढची हत्तीण बोगद्याच्या तोंडाशी थांबली. सोंड उचलून तिने वास घेतला, कान दोनदा फडकवले. तेवढ्यात वरून गाडी गेली. सगळा कळप दगडासारखा उभा. पिल्लू आईच्या पायांत शिरलं. गाडीचा आवाज विरला, धूळ खाली बसली, मग हत्तीण पुढे झाली आणि एकामागे एक सारे पलीकडे गेले. अकरा होते. दादाने मोजले, गुरं मोजायची सवय. आमच्या पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वरही, नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या हद्दीत, जनावरांसाठी असे मार्ग बांधलेत. ते शक्य आहे हे आपल्याकडेच सिद्ध झालेलं आहे. मग आमच्या बाजूला का नको, हे मी आल्यावर ज्याला भेटेल त्याला विचारतो आहे.

इथे माझा दुसरा रकाना सुरू झाला, आणि तो पहिल्यापासून वेगळा काढता येईना. त्सावो नदीवर रेल्वेचा पूल आहे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी युगांडा रेल्वे इंग्रजांनी 1896 ते 1901 या काळात बांधली. रुळांची रुंदी आपल्याकडच्या मीटर गेजची आणि मजूर आपल्याकडचे. सुमारे बत्तीस हजार हिंदी माणसं करारावर नेली, बहुतेक पंजाबातली. त्यातली अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेली. मार्च 1898 मध्ये पॅटरसन नावाचा लष्करी अधिकारी या पुलाच्या कामावर आला, आणि त्याच महिन्यात दोन सिंह मजुरांच्या तंबूंवर येऊ लागले. दोघेही नर, दोघांनाही आयाळ नाही. रात्री तंबूत शिरून माणूस उचलून नेत. मजुरांनी काट्यांची कुंपणं घातली, शेकोट्या पेटवल्या, झाडांवर खाटा बांधून झोपले. शेवटी शेकडो मजूर रुळांवर आडवे पडले, गाडी थांबवली आणि तीत चढून निघून गेले. पुलाचं काम बंद पडलं. डिसेंबरमध्ये पॅटरसनने दोन्ही सिंह मारले. 1907 साली त्याने पुस्तक लिहिलं. त्यात बळी गेलेल्या हिंदी मजुरांचा आकडा अठ्ठावीस आहे. स्थानिक आफ्रिकी माणसं त्याने मोजलीच नाहीत. ते सिंह पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये काचेमागे उभे आहेत.

मी हे सांगत होतो आणि दादा पुलाकडे पाहत होता. पुलाखाली पाणी तांबडं होतं. 2016 ते 2018 ही दोन वर्षं त्याच्या गावाने कशी काढली ते मला ठाऊक आहे. टी-वन वाघीण, जिला सगळं जग अवनी म्हणून ओळखतं, तिच्या नावावर तेरा माणसं आहेत. कापूस वेचायला बाया एकेकट्या जात नव्हत्या. चार वाजले की शेत रिकामं. गुराख्याची आई संध्याकाळी वेशीवर येऊन उभी राहायची. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या रानात तिला गोळी घातली तेव्हा तिची पिल्लं वर्षाचीही नव्हती. मी त्या दिवशी हळहळलो होतो आणि दादाने मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "तू कितीकदा रात्री पाणी ओलायले गेला?" त्यावर पुढे आम्ही कधी बोललो नव्हतो.

पुलाजवळ तो बोलला. "त्या मजुरांचे नावं कुठं लिवले हायेत काय?"

मी पाहिलं. त्या जागेवर सिंहांची गोष्ट होती, पॅटरसनचं नाव होतं. मजुरांची नावं मला दिसली नाहीत. अवनीचं नाव आज गुगलला विचारलं तर क्षणात मिळतं. त्या तेरांपैकी तुम्हाला एक तरी नाव येतं का, हे स्वतःला विचारून पाहा. मला तीन येत होती, आणि मी त्याच तालुक्यांत राहतो. वाघिणीबद्दलची माझी हळहळ तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. पण त्सावोच्या पुलावर मला कळलं की दादाचं दुःख माझ्या दुःखाच्या विरुद्ध नव्हतं. दोन्ही एकाच जागेतून आलेली होती. जागाच पुरत नव्हती.

सिंह माणसांकडे का वळले, याची कारणं अभ्यासक शोधत आले आहेत. एकाच्या सुळ्याला गळू झालं होतं, त्याला झुंजून शिकार करणं जमत नव्हतं. दुसरं कारण ऐकून दादा चमकला. ते होतं बुळकांडी. गुरांची ही साथ 1887 च्या सुमारास इटालियन सैन्याच्या गुरांबरोबर एरिट्रियात उतरली, आणि ती गुरं हिंदुस्थानातून आणलेली होती असं मानतात. दहा वर्षांत तिने पूर्व आफ्रिका पार केली. मसाई, कांबा यांचे गोठे ओस पडले, रानातले रानरेडे मेले, सिंहांचं भक्ष्य आटलं. बुळकांडी हा शब्द नव्या पोरांना माहीत नाही; 2011 साली तो रोग जगातून गेला. पण दादाच्या आजोबांच्या दावणीचे सहा बैल तिने एका पंधरवड्यात नेले होते, ही गोष्ट घरात अजून सांगतात.

तर असा हा लोहमार्ग. आणि तो मला अनोळखी वाटेना, कारण आमच्याही गावाला एक होता. मूर्तिजापूर-यवतमाळ, शकुंतला. अडीच फुटी रूळ, एकशे तेरा किलोमीटर, किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने आमच्या कापसासाठी घातलेला. मँचेस्टरात 1921 साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. तिच्या डब्यातून मी लहानपणी दारव्ह्याला मामाकडे गेलो आहे. सायकलवाला गाडीच्या पुढे निघून जायचा आणि गार्ड खाली उतरून फाटक उघडायचा. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, तिथून बोटीत. युगांडा रेल्वेनेही पुढे हेच ओझं वाहिलं. युगांडात कापूस लावला गेला, हिंदी व्यापाऱ्यांनी तिथे जिनिंग काढली, गाठी मोंबासाला उतरल्या आणि त्यातल्या पुष्कळ मुंबईच्या गिरण्यांनीही घेतल्या. दोन रूळ, दोन खंडांतले. दोन्हींचं तोंड समुद्राकडे. कापूस उगवतो त्या मातीला समुद्राचं काम पडतच नाही, असं कसं म्हणणार?

मोंबासाला जायच्या आधी म्झिमाचे झरे पाहिले. पश्चिम त्सावोत काळ्या लाव्हाच्या खडकाखालून स्वच्छ पाण्याचा डोह उसळतो. च्युलू टेकड्यांवर पडलेला पाऊस लाव्हातून गाळत गाळत इथे येतो. पाण्याखाली काचेची खोली केलेली आहे. तिच्यात उतरून पाहिलं तर मासे डोळ्यांसमोरून जातात. आमच्याकडचा खडकही लाव्हाचाच, शिबला-पार्डीला तर बेसॉल्टचे षटकोनी खांब उघडे पडलेत, पण आमचा खडक पाणी असं हातावर ठेवत नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा यवतमाळ शहराने पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहिली आहे. म्झिमाचं पाणी मोठ्या नळाने मोंबासाला जातं. दोन दिवसांनी मोंबासात ग्लास तोंडाला लावला तेव्हा दादा म्हणाला, "जंगलातलंच पेतो ना आपण?" हो. हत्ती ज्या रानात लाल होतात त्या रानाचं पाणी बंदरातला माणूस पितो. मुलाच्या कागदावर मात्र जंगल आणि समुद्र यांच्यात रेघ मारलेली होती.

मोंबासाच्या फोर्ट जीझसमध्ये मी जरा जास्तच रेंगाळलो. प्रवाळाच्या दगडाचा तो किल्ला पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 मध्ये बांधला. आराखडा कैराती या इटालियन स्थपतीचा, आणि तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा, म्हणजे गोव्याचा मुख्य स्थपती होता. मोंबासाचा राजपुत्र युसुफ बिन हसन गोव्यात पाद्र्यांच्या हाताखाली शिकला, ख्रिस्ती नाव घेऊन परत आला आणि 1631 मध्ये त्याने पोर्तुगीजांनाच या किल्ल्यात कापून काढलं. पुढे ओमानच्या अरबांनी वेढा घातला, 1696 ते 1698, जवळजवळ तेहतीस महिने. आतली माणसं गोव्याहून येणाऱ्या गलबतांची वाट पाहत रोगाने मेली. तटावरून मी पूर्वेला पाहत होतो, आणि मनात मुरुडचा जंजिरा होता. त्या किल्ल्यातले सिद्दी या आफ्रिकेतून आले. निजामशाही सावरणारा, खडकीला पाणी देणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला. आम्ही शाळेत त्याला 'हबशी' एवढ्या एका शब्दात उरकत होतो. मीही तसंच शिकवलं. आता वाटतं, त्या शब्दाशी थांबून मुलांना नकाशा दाखवायला हवा होता.

बियाशारा स्ट्रीट हा मोंबासातला कापडबाजार. वहिनीसाठी कांगा घ्यायचा होता. कांगा म्हणजे सुती कापड, दोन तुकडे जोडून आलेले, चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि खालच्या काठावर एक स्वाहिली म्हण छापलेली. बाया नक्षीपेक्षा म्हण पाहून घेतात. शेजारणीला काय ऐकवायचं असेल ते कापड बोलतं. दुकानदार गुजराती, तिसऱ्या पिढीचा. त्याने घडी मोडली तसं दादाने कापड दोन बोटांत धरलं, कडेचा एक धागा ओढून तोडला, उजेडाला धरला. जिनिंगमध्ये तो असाच कापसाचं बोंड ओढून पाहतो. "कुठचं हाय?" दुकानदार हसला. "इंडियाचं."

एकोणिसाव्या शतकात हा किनारा अमेरिकेचं कोरं कापड नेसत होता, त्याला मेरिकानीच म्हणत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, कापूस अडला. त्याच चार वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला, आणि आमच्या काळ्या मातीत ज्वारीच्या जागी पऱ्हाटी शिरली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी आफ्रिकेच्या या बाजारात मेरिकानीची जागा घेतली. आणि गिरण्यांना कापूस पुरवणाऱ्या मुलखांत वऱ्हाड आघाडीवर. मोंबासाच्या व्यवहारात 1920 पर्यंत रुपया चाले. दादाने कांग्याचे पैसे शिलिंगात मोजले. भाव त्याने केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा, बहुधा.

शेवटची संध्याकाळ. जुन्या बंदराच्या पुढे, गोरखचिंचांच्या राईखाली बसलो होतो. वारा दक्षिणेकडून अंगावर येत होता, एकसारखा, दमट, थांबायचं नाव नाही. तिथे त्याला कुसी म्हणतात. एप्रिलपासून तो सुरू होतो. हिंदुस्थानातून आलेली गलबतं जुन्या काळी त्याच्या पाठीवर परत जात. भूगोल मी आयुष्यभर शिकवला, नैर्ऋत्य मोसमी वारे बाण काढून दाखवले. बाण विषुववृत्त ओलांडतात तिथे उजवीकडे वळवायचे, हे मुलांकडून पाठ करून घेतलं. ते वळण इथलं. दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेला वारा याच किनाऱ्याजवळून विषुववृत्त पार करतो, अरबी समुद्रावर वळतो, केरळला लागतो आणि मग देशभर पसरतो. विदर्भात पाऊस ओढून आणतात ते बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे, पण त्यांना पाणी पुरवणारा मूळ प्रवाह हाच. मी हे दादाला वाळूत बोटाने काढून दाखवलं.

तो उठला. चिमूटभर वाळू घेऊन खांद्याच्या उंचीवरून सोडली, खळ्यात उपणायच्या आधी वारा पाहतात तशी. वाळू उत्तरेला गेली. त्याने दुसऱ्यांदा सोडली.

"मंग हे आपल्याकडं कितीक दिवसांत पोचते?"

वाऱ्याच्या वेगाचा हिशेब करून मी म्हणालो, किनाऱ्यापर्यंत तीन-चार दिवस. आपल्याकडे पाऊस धरायला त्याला पंधरा जून तरी होईल. दादाने बोटांच्या पेरांवर काही मोजलं. बियाणं घरात होतं, वखरणी झाली होती, तिकीट तीन जूनचं होतं. समुद्राकडे तोंड करून तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला. जेवायला दोनदा बोलावलं तेव्हा उठला.

तुम्ही जाणार असाल तर मेच्या शेवटी जा. नैरोबीहून मोंबासाला विमान घेऊ नका, गाडीने जा आणि वोईला उतरा. त्सावोच्या पुलावर थांबाल तेव्हा सिंहांचं ऐकून झाल्यावर मजुरांबद्दलही विचारा. आणि निघण्याआधी एक दिवस टिपेश्वरला काढा, म्हणजे त्सावोच्या रानाचा आकार नुसता आकडा राहणार नाही.